फक्त वर्गणीदारांसाठी

२०२३ च्या जुलैतल्या एका शुक्रवारी मालनताईंनी आपलं पत्र शेवटाकडे तोडलं आणि मधे एक ओळ टाकली: ‘पुढचं फक्त वर्गणीदारांसाठी.’ बोट बटणावर ठेवून त्या थांबल्या.

“दाब ना मावशी,” आरोही म्हणाली. “फुटणार नाहीये ते.”

एके काळी गिरणीच्या कचेरीत टायपिस्ट असलेल्या मालनताई लालबाग-परळ सोडून गेलेल्यांना दर आठवड्याला ईमेलने पत्र पाठवीत. कुठली चाळ रिकामी झाली, कोणाची नात डॉक्टर झाली, असं सगळं. शेवटी ‘फळा’. पूर्वी चाळीच्या जिन्यापाशी काळ्या फळ्यावर खडूने लिहीत, कोण गेलं आणि किती वाजता नेणार, तसाच. त्या पत्राचा भाचीने, आरोहीने, व्यवसाय केला होता. चार हजार वाचक झाले, हिंदमात्याच्या एका साडीवाल्याची जाहिरात आली, आणि आरोहीने बँकेतली नोकरी सोडली. पण नुसत्या जाहिरातींवर भागेना.

“लोक शेवटपर्यंत वाचतात ते फळ्यासाठीच गं.”

“म्हणून मयताला तिकीट लावायचं?”

“तुझ्या मेहनतीला लावायचं. की मी परत त्या मॅनेजरसमोर जाऊन उभी राहू?”

मालनताईंनी चष्मा पुसला आणि बटण दाबलं. महिन्याभरात शेकडो वर्गणीदार झाले. आरोहीने पेढे आणले.

गणपतीला आठवडा उरला असताना रमाकांत दारात उभा राहिला. गिरणीतला जुना जॉबर, म्हणजे मुकादम, आता कणकवलीला राहणारा. हातात कोकमांची पिशवी.

“मालन गो, सीतारामाच्या खोलयेक कुलूप? खंय गेलो तो?”

रमाकांत आणि सीताराम एकाच साच्यावर, म्हणजे मागावर, कामाला लागलेले, एकाच डब्यात जेवलेले. मालनताईंनी आधी त्याला बसायला लावलं.

“गेला रे तो. महिना होईल.”

रमाकांतने पिशवी मांडीवर घेतली. बराच वेळ तो तिची गाठ चाचपत राहिला.

“तुझा पत्र दर शुक्रवारी वाचतंय मी. त्यात तो नव्हतो.”

“होता. फळ्यावर लिहिला होता मी.”

“तो फळो बंद होतो मा? माका वाटला, पैसे भरून वाचूचा म्हणजे मोठ्या लोकांचा काय्तरी असतला.” मग त्याने खिशातून नोटा काढून टीपॉयवर ठेवल्या. “घे, वर्साची वर्गणी. फुडलो कोण चुकूक नये.”

मालनताईंना ‘नको’ म्हणता येईना, नोटा उचलताही येईनात. आतल्या खोलीत टाइप करणारी आरोही थांबली. रमाकांत जिना उतरून गेल्यावर ती लॅपटॉप घेऊन बाहेर आली.

“मावशी, ती ओळ कुठे होती गं?”

मालनताईंनी बोट ठेवून दाखवली, आणि आरोहीने ती काढून टाकली.

आरोही पुढे दोन वर्षं सकाळी माटुंग्याला एका क्लासमध्ये शिकवत होती. वर्गणी आता गिरणीच्या जुन्या फोटोंसाठी आणि आठवणींसाठी घेतात. पत्र हळूहळू फायद्यात आलं, तिने क्लास सोडला. सीतारामचा मुलगा विरारला गेला, खोली टॉवरमध्ये गेली. रमाकांत कणकवलीतच आहे. दर शुक्रवारी त्याचं एका शब्दाचं उत्तर येतं: ‘वाचलां.’ दुपारपर्यंत आलं नाही तर मालनताई फोन लावतात, आणि तो उचलेपर्यंत खाली बसत नाहीत.