नावं गेलेली चित्रं

“ग्राफिक,” हेडफोनमधला परदेशी आवाज म्हणाला. चंद्रावतीने बाणाची कळ दाबली. “ग्राफिक.” पुन्हा दाबली. “ग्राफिक.”

मागे मुंबईचे साहेब उभे होते. त्यांचे बूट वाजायचे थांबले होते, म्हणजे ते पाहत होते.

पेणहून रोह्याला येऊन कंपनीचा टेलिफोन बोर्ड सांभाळणारी चंद्रावती जन्मापासून आंधळी. जुन्या कॉम्प्युटरवरचं अक्षर न् अक्षर पडदा वाचणाऱ्या प्रोग्रॅमचा हा आवाज तिला वाचून दाखवायचा. विंडोज आलं, अक्षरांच्या जागी चित्रं आली आणि आवाज प्रत्येक चित्राला नुसतं ‘ग्राफिक’ म्हणू लागला. अंधारात माणसं उभी असावीत आणि कोण म्हणून विचारलं तर प्रत्येकाने नुसतं ‘माणूस’ म्हणावं, तसं झालं. मग हिशेबखात्यातल्या प्रविणने जेवणाच्या सुट्टीत शेजारी बसून एकेका चित्राला नाव जोडलं. छपाई, साठव, शोध. आवाज ती नावं वेडीवाकडी उच्चारायचा, पण उच्चारायचा. आज साहेबांसमोर फोनची नोंद करून दाखवली, तर बोर्ड तिच्याकडेच राहणार होता.

“काय झालं, बाई?”

“इथं शोध होता, साहेब.”

“आहे की. समोर दिसतोय.”

तिने अंदाजाने कळ दाबली. काहीतरी उघडलं. आवाज गप्प. दार वाजावं, कुणी आत यावं आणि बोलू नये, तसा गप्प.

“काय उघडलं?” तिने विचारलं.

“सोमवारपासून नवी मुलगी येईल,” साहेब शेवटी म्हणाले. “तुमचं पॅकिंगमध्ये बघू.”

ते गेल्यावर प्रविण आला. “ताई, परवा खंडेनवमीला मशिनी पुजल्या ना, तवा तुमी गेल्यावर समद्या कॉम्प्युटरांच्या पडद्यावर झेंडूचा रंग निवडला. तुमचाच एक उघडा कसा ठेवायचा?”

“मला काय दिसतंय रे?”

“तुमच्यासाठी नाय, मशिनीसाठी केलं. चित्रं तीच हायेत, नुसता रंग...” तो थबकला. आवाज चित्र ओळखायचा तो रंगावरूनच.

त्याने घाईघाईने माऊस फिरवून जुना रंग परत आणला.

“छपाई,” हेडफोनमध्ये कुणीतरी म्हणालं.

“चित्रं बोलतायत?”

“व्हय.”

“साहेबांना बोलावतो.”

फाटकाबाहेर साहेबांच्या गाडीचा आवाज लांब जात होता. “ऱ्हाऊ दे,” ती म्हणाली. “नव्या पोरीला दिसतं. तिला नावं लागायची नायत.”

प्रविण तिथेच उभा राहिला. ती बाणाची कळ दाबत पुढे सरकत होती. एकेक जण आपलं नाव सांगत होता, आणि ते पुरतं ऐकल्याशिवाय ती पुढची कळ दाबत नव्हती.