टिंबांचा ठराव

ग्रामसभेत मी नेहमी शेवटच्या रांगेत, खांबाला टेकून बसतो. शेवगावच्या शाळेत उभा जन्म इंग्रजी शिकवलं, पण मोठ्या माणसांसमोर बोलायला मी कधी उभाच राहत नाही. त्या दिवशी मात्र विषय माझाच होता.

आमच्या गावाचं पाण्याचं काम बघायला हल्ली परदेशी पाहुणे येतात. त्यांच्यासाठी पाझर तलावाजवळच्या भिंतीवर इंग्रजी फलक रंगवायचा ठरला. मजकूर सरपंच जयमालाताईंनी माझ्याकडून लिहून घेतला. दोनच वाक्यं, पण किती वेळा खोडली असतील! 'वुई हॅव थ्री रूल्स: नो बोअरवेल्स, नो शुगरकेन, नो फ्री ग्रेझिंग.' आणि त्याखाली, 'वुई क्लोज्ड द बोअरवेल्स; द वेल्स केम बॅक.'

पेंटर कल्याण कागद हातात घेऊन उठला.

"ताई, मजकूर झ्याक हाय. पन ही टिंबं आन् शेपट्या काढून टाकू. लांबून माश्या बसल्यागत दिसत्यात."

लोक हसले. ताई म्हणाल्या, "कुनाची हरकत? न्हाईतर मंजूर धरते."

चिन्हं गेली तर आमचे तीन नियम एकमेकांत घुसणार, हे मला दिसत होतं. पण वाटलं, कल्याणचंच बरोबर असेल. भिंतीवरची टिंबं बघतो कोण? शिवाय गावाचा रिवाज असा, की जो हरकत घेईल त्यानंच ते काम अंगावर घ्यायचं. म्हणून आमच्याकडे हरकती फारशा येत नाहीत.

शेजारी बसलेल्या भीमराजनं कोपरानं ढोसलं. "सर, बोला की."

"जाऊ दे रे."

"जाऊ दे कसं? माझ्या कांद्याचे वरंबे कुनी मोडले, तर मी गप बसंन व्हय?"

मी उभा राहिलो. "माझी हरकत आहे."

सगळ्या माना वळल्या. सुचेना, म्हणून भीमराजचेच कांदे धरले.

"भीमराज, वाफ्यांमधला वरंबा काढला तर काय होईल?"

"पानी कुटंबी पळंल."

"स्वल्पविराम म्हणजे तो वरंबा. तीन नियम, तीन वाफे."

"आन् ही एकाखाली एक दोन टिंबं?" ताईंनी विचारलं.

"ते पाटाचं दार. नियम तीन आहेत असं सांगून झालं, आता दार उघडलं. पुढं तेच नियम येणार."

"आन् टिंबाखाली शेपटी?" कल्याणनं कागद डोळ्यांजवळ नेला.

"तो अर्धविराम, म्हणजे बांध. अलीकडचं वाक्य पुरं, पलीकडचंही पुरं. पण शेजार आहे. बोअर बंद झाल्या, विहिरी परत आल्या. पूर्णविराम दिला तर शेजार तुटतो. काहीच नाही दिलं, तर कुणाचं कुठं संपतं तेच कळत नाही."

"बांधाचं भांडन व्हय!" बायकांच्या बाजूनं रंगुबाई ओरडल्या. "मंग ते आमाला बरूबर कळतंय. ऱ्हाऊ द्या ती शेपटी!"

हशा झाला आणि हात वर गेले. कल्याणचाही गेला.

"चिन्हं राहतील," ताई म्हणाल्या. "आन् रिवाजापरमानं ती सरच रंगवतील."

सकाळी तलावाजवळ गेलो तर कल्याणची निळी अक्षरं वाळली होती. चिन्हांच्या जागा त्यानं बरोबर मोकळ्या सोडल्या होत्या. त्यानं माझ्या हातात लाल रंगाचा ब्रश दिला आणि स्टूल धरलं. मी वर चढलो. ब्रश भिंतीपाशी नेऊन थांबलो.

"सर, चुकलं तर पुसता येतंय."

"चुकणार नाही," मी म्हणालो. माझाच आवाज मला नवा वाटला.

वरचं टिंब ठेवलं. ब्रश खाली आणला आणि शेपटी एका दमात ओढली. मग कल्याणला स्टूल पुढं सरकवायला सांगितलं.