बादलीला गुंडाळलेली शाल

मी एक जुना फ्रीज आहे, मित्रांनो, पण माझ्या पोटात आता दूध-भाजी नसते. अमेरिकेत, पार्सिपनी गावातल्या एका घराच्या बेसमेंटमध्ये मी एकटाच घुमत असतो.

एके काळी मी वर स्वयंपाकघरात होतो. नवा फ्रीज आला आणि मला खाली उतरवलं. तिथे शंतनूने माझ्या फळ्या काढल्या आणि घरी बिअर करण्यासाठी मला पुन्हा कामाला लावलं. बिअर माझ्या पोटात ठेवलेल्या बादलीत आंबायची. आंबताना बादली आपली आपणच तापते, आणि फार तापली तर चव बिघडते. म्हणून त्याने तापमान ओळखणारी एक तार बादलीच्या अंगाला चिकटवली. तिच्या टोकाला कळेल तेवढंच मला कळायचं. पारा अठरा अंशांच्या वर सरकला की मी गार होऊ लागायचो. तरीही शंतनू रोज बादलीवर तळहात ठेवून बघायचा.

"बिअर करतोयस की बाळंतपण, यार?" त्याचा मित्र नकुल चिडवायचा.

या हिवाळ्यात त्याने बादली भरली. दुसऱ्या सकाळी तो अंगणातला बर्फ काढायला गेला, आणि तिथेच कोसळला. मग वर माणसांची गर्दी झाली, रडणं झालं. खाली मात्र बादली बोलतच राहिली. बुडुक. बुडुक.

नागपूरहून आलेल्या त्याच्या आई, मीनाक्षीकाकू, तो आवाज ऐकून जिना उतरल्या. "कोण आहे खाली?"

"यीस्ट आहे, आई," मागून सून हिमानी म्हणाली. "जिवंत असतं ते. शंतनूची शेवटची बादली. सगळ्यांना बोलावून उघडायची म्हणाला होता."

जिवंत! हिमानी वर गेल्यावर काकूंनी अंगावरची शाल काढली आणि थंडीत विरजण गुंडाळावं तशी बादलीला गुंडाळली. गुणगुणत होत्या त्या:

बर्फाच्या गं देशामधी माझ्या बाळाचं अंगण
ऊब देऊ कशी बाई, कशाचं गं पांघरूण

त्या गडबडीत तार निसटली आणि हवेत लोंबकळू लागली. हवा गार होती. मला वाटलं, सगळं ठीक आहे. शालीखाली त्याची शेवटची बादली तापत गेली, आणि मला ते कळलंच नाही.

दुसऱ्या दिवशी हिमानी आली. माझ्यावरचा आकडा अठराच दाखवत होता. ती वळली, थांबली, आणि शंतनूसारखाच तिने शालीखाली हात घातला.

"आई! हिला ताप भरलाय."

"थंडी वाजेल वाटलं गं लेकराला..." काकू म्हणाल्या.

हिमानी रागावली नाही. तिने तार पुन्हा चिकटवली आणि शाल काकूंच्या खांद्यांवर घातली. मी जीव तोडून गार झालो.

मग बिअर बाटल्यांत भरली, आणि एका रविवारी सगळ्यांना बोलावून त्या उघडल्या. नकुलने घोट घेतला. "केळ्याचा वास येतोय. तापली होती ना? पण बिघडली नाही, काकू."

काकूंनी ग्लास नाकाशी नेला. "शिकरणासारखा," म्हणाल्या, आणि बराच वेळ तो खाली ठेवलाच नाही.

काकू आता नागपूरला परतल्या. मी रिकामा आहे, तरी हिमानीने मला बंद केलेलं नाही. कधी जिन्यावर पावलं वाजतात, शंतनूची वाटतात. असते हिमानी. माझं दार उघडून, रिकाम्या जागेवर तळहात धरून उभी राहते. खिशातला फोन वाजला की म्हणते, "मी ठीक आहे गं, एकदम ठीक."

मित्रांनो, मला फक्त हवा कळते. तुम्हाला हात आहेत. कुणीतरी जा, आणि तिच्या कपाळावर हात ठेवून बघा.