पावणेदोन पट

मी कवळ्या करतो. दातांचे डॉक्टर माणसाच्या तोंडाचं माप पाठवतात, आम्ही त्यावरून प्लास्टरचा साचा ओततो, मेणात एकेक दात बसवतो, आणि महिनाभर पातळ पेजेवर काढलेल्या माणसाला पुन्हा चावता येईल अशी व्यवस्था करतो. या कामाला डोळे लागतात, हात लागतात, कान मात्र दिवसभर रिकामे. त्या रिकाम्या कानांत चार वर्षांपूर्वी मी ऑडिओबुकं घातली आणि तिथून माझं डोकं फिरलं.

ऐकायची ती फक्त फँटसी आणि विज्ञानकथा. घरगुती भांडणं ऐकायला मला पुस्तक लागत नाही, ती शेजारच्या भिंतीतून फुकट येतात. माझी मतंही पक्की होती. यंत्रमानवाला डब्यात तोंड घालून बोलल्यासारखा आवाज देणारा वाचक मला खपायचा नाही. माणसाहून हुशार यंत्र बनवणाऱ्याला त्याला बरा घसा देता आला नसता? राक्षसाने ओरडू नये, ज्याच्या अंगात खरी ताकद असते तो हळूच बोलतो. आणि ज्या राज्यावर तीन चंद्र उगवतात तिथे चोराला मिट्ट काळोख कसा मिळाला, हे लेखकाने सांगायलाच हवं. तानसेन होता आलं नाही तर निदान कानसेन व्हावं असं म्हणतात. मी ॲपवर 'कानसेन' हेच नाव घेतलं आणि ऐकलेल्या प्रत्येक पुस्तकावर मत लिहू लागलो.

लोकांना माझं लिहिणं आवडायचं, कारण मी टोचून लिहायचो. अमुक वाचक झोपेत बोलतो, तमुक बाईंच्या तोंडी राजकन्या आणि तिचा घोडा एकाच आवाजात खिंकाळतात, असलं काहीतरी. हजारभर माणसं माझं मत वाचून मगच पुस्तक घ्यायची. दिवसभर दुसऱ्याच्या दातांत डोकं घालून बसणाऱ्याला एवढा मान कुठे मिळतो? चढला मला तो.

आता ताईबद्दल. माझी थोरली बहीण सव्वीस वर्षं बस स्टँडवर गाड्यांच्या सूचना देत होती. काचेची छोटी खोली, पुढ्यात माइक आणि वेळापत्रक. कितीही गर्दी असो, गाडी दोन तास उशिरा येवो, ताईचा आवाज कधी धावला नाही. म्हातारी माणसं तिची सूचना ऐकूनच जागची उठायची. मग तिथे यंत्र आलं आणि ताई घरी बसली. वर्षभर ती घरात फारसं बोलायचीच नाही. भावोजी मला म्हणायचे की बडबडीचा कंटाळा यायचा खरा, पण आता घर खायला उठतं.

अशात एका लहानशा ऑडिओ कंपनीने तिच्या आवाजाची परीक्षा घेतली आणि तिला एक पाच भागांची फँटसी वाचायला दिली. आधी पहिला भाग वाचायचा. महिनाभर लोकांची मतं पाहायची आणि ती बरी असतील तर उरलेले चारही भाग तिचेच. ताईने कपड्यांचं कपाट रिकामं केलं, आत चादरी टांगल्या, स्टूल घातलं आणि त्यात बसून वाचलं. घरघर नको म्हणून भावोजी दर वेळी फ्रिज बंद करायचे आणि चालू करायला विसरायचे. दोनदा दूध नासलं, पण पहिल्यांदाच त्या घरात नासलेल्या दुधावरून हसणं झालं.

पुस्तक आलं त्या दिवशी ताईने मला फोन केला. कानसेन म्हणजे मीच, हे तिला माहीत होतं. तिने एवढंच मागितलं की भाऊ म्हणून चांगलं लिहू नकोस, कानसेन म्हणून खरं लिही. नाहीतर मला कळायचं कसं, म्हणाली.

गोष्ट होती एका म्हाताऱ्या जादूगारणीची. तिच्या मंत्रावर सगळं गाव उभं आहे, आणि तिला विसरायला होतंय. मंत्र म्हणता म्हणता मध्येच शब्द हरवतो, समोर नात बसलेली असते, आणि आता हिला आठवेल की नाही यावर गावाचं जगणं-मरणं. मी ऐकलं. मला वाटलं, ताई धावतेय. श्वास घेत नाही, थांबत नाही, म्हातारी नुसती घडाघडा बोलते. मला वाईट वाटलं, पण त्याहून जास्त, खरं सांगतो, स्वतःच्या निःपक्षपातीपणाचा अभिमान वाटला. सख्ख्या बहिणीलाही सोडत नाही हा! मी पाचपैकी दोन तारे दिले आणि लिहिलं, 'म्हातारीला विसरायला होतं असं लेखिका म्हणते, पण वाचणाऱ्या बाई तिला विसरायला वेळच देत नाहीत. बाईंची गाडी सुटत असावी.'

गाडीचं ते वाक्य लिहिताना मला हसू आलं होतं. ताई कुठे काम करायची हे विसरलो होतो असं नाही. आठवलं म्हणूनच सुचलं.

लोकांना ते फारच आवडलं. मग मागून मेंढरं निघाली. कुणी लिहिलं, गाडी लागली वाटतं. कुणी लिहिलं, तिकीट काढलं का? त्यांतल्या निम्म्यांनी पुस्तक ऐकलंही नसेल. ताईचा फोन आला तेव्हा मी खुलासा करायला तयार बसलो होतो, पण ती चिडली नव्हती. म्हणाली, "तुझं बरोबर असेल. तू इतकं ऐकतोस, मी कुठे ऐकते?" महिन्याच्या शेवटी कंपनीने कळवलं की पुढचे भाग दुसऱ्याकडे जातील. मी तिला म्हटलं, चालायचंच, पुढच्या वेळी सावकाश वाच. हे मी तोंड वर करून म्हटलं.

यानंतर दोन महिन्यांनी आमच्या लॅबमधल्या पॉलिशबाईंनी माझ्याकडे एक पुस्तक मागितलं. तयार कवळ्या घासून त्यांना चमक आणायचं काम त्या करतात, आणि मशीनच्या घरघरीला विटल्या होत्या. मी त्यांना माझ्या सर्वांत लाडक्या वाचकाची विज्ञानकथा सुचवली. खोल आवाज, शब्द न् शब्द तोलून टाकणारा. मी त्याला खर्जवाला म्हणायचो आणि आजवर त्याला पाचाखाली तारे दिले नव्हते. तीन दिवसांनी पॉलिशबाई माझ्या टेबलाशी आल्या. "अहो, तुमचा तो खर्जवाला वाक्य सुरू करतो, मी जाऊन चहा टाकून येते, तरी हा त्याच वाक्यात. बरं आहे ना त्याला?"

मी वाद घातला. त्यांनी त्यांचा फोन मोठ्या आवाजात लावला. खर्जवाला एकेक शब्द चिखलातून पाय काढावा तसा काढत होता. मी म्हटलं, तुमचा फोन बिघडलाय. माझ्या फोनवर तेच वाक्य लावून दाखवलं, तर ते कसं ऐटीत, ठायी ठायी वजन देत आलं. पॉलिशबाईंनी चष्मा पुसला, माझ्या फोनच्या कोपऱ्यात बोट ठेवलं आणि विचारलं की हे एक पूर्णांक पंचाहत्तर म्हणजे काय.

ते म्हणजे वेग. चार वर्षांपूर्वी एक बारा खंडांची मालिका लवकर संपवायच्या हावेने मी ॲप पावणेदोन पट वेगावर ठेवलं होतं. मग कानाला सवय झाली आणि मी ते विसरून गेलो. चार वर्षं मी जगातल्या सगळ्या वाचकांना धावायला लावत होतो. जे रडतखडत वाचायचे ते मला धीरगंभीर वाटले, त्यांना पाच तारे. जे माणसासारखं वाचायचे ते मला पळताना दिसले, त्यांच्या मी मागे लागलो. पॉलिशबाई हसत होत्या. मला मात्र त्या क्षणी एकच आवाज आठवत होता.

मी वेग एकवर आणला आणि ताईचं पुस्तक लावलं. हातात मेणाची सुरी होती, समोर वरच्या कवळीचे पुढचे दात. म्हातारी मंत्र म्हणू लागली. चौथ्या शब्दाला ताई थांबली. म्हणजे फार थांबली नाही, पण त्या थांबण्यात म्हातारी शोधत होती, आणि नातीने श्वास धरला होता, आणि मीही धरला. मग शब्द आला, तोही चुकीचा. ताईने तो इतक्या विश्वासाने उच्चारला की मला सुरी खाली ठेवावी लागली. मेण गार झालं, दात वाकडा बसला, सगळी ओळ पुन्हा करावी लागली. चार वर्षांत इतकं चांगलं वाचन मी ऐकलं नव्हतं, आणि ऐकलं असतं तरी मला कळलं नसतं.

त्याच संध्याकाळी ताईकडे जायला हवं होतं. गेलो नाही. रिकाम्या हाताने कसं जायचं, आधी निस्तरू, मग चांगली बातमी घेऊनच जाऊ, असं मनाशी ठरवलं. खरं कारण भीती होती. मी ॲपवर जुनं मत काढून नवं लिहिलं, चूक कबूल केली, पाच तारे दिले. सहा जणांनी वाचलं. एकाने विचारलं की बाई नात्यातल्या आहेत का. कंपनीला लांबलचक पत्र पाठवलं. सोळा दिवसांनी उत्तर आलं, फार सभ्य. दुसरा आणि तिसरा भाग ध्वनिमुद्रित झाले होते. श्रोत्यांच्या आवडीचा विचार करून वाचक निवडला होता. तो होता खर्जवाला.

रविवारी ताईकडे गेलो. भावोजींनी दार उघडलं आणि ओठांवर बोट ठेवलं. ताई जेवणाच्या टेबलाशी कागद पसरून बसली होती. मला पाहून तिला आनंदच झाला. कंपनीने तिला आणखी एक संधी दिली होती, एका विज्ञानकथेच्या दहा पानांची चाचणी, आणि ती दुसऱ्या दिवशी सकाळी होती. तुला बोलावणारच होते, म्हणाली, ऐक आणि सांग आता जमतंय का. कागदावर प्रत्येक स्वल्पविरामाशी पेन्सिलीची एक उभी रेघ होती, पूर्णविरामाशी दोन, नव्या परिच्छेदाला तीन. एक रेघ म्हणजे एक अंक मनात मोजायचा. अडीच-तीन महिने ती रोज दोन तास असं वाचत होती.

तिने वाचलं. दूरच्या ग्रहावरून चाळीस वर्षांनी परतलेली मुलगी दारात उभी आहे आणि आई तिला ओळखत नाही, असा प्रसंग. ताई वाचायची, थांबायची, मोजायची, पुन्हा वाचायची. प्रत्येक थांबा सारख्या मापाचा, आणि आत कुणी नाही. भावोजी माझ्याकडे बघत नव्हते.

मी सगळं सांगितलं. वेगाचं, खर्जवाल्याचं, कंपनीच्या पत्राचं, आणि कळूनही दोन आठवड्यांहून जास्त घरी बसून राहिलो तेही. चूक माझ्या कानाची होती, ताई, म्हटलं, तुझी कधीच नव्हती. म्हातारी मंत्र विसरते तिथे माझे हात थांबले. तू पहिल्यासारखं वाच, तसं कुणीच वाचत नाही.

तिने कागद खाली ठेवला. मग तिने विचारलं, "माझा आवाज तू जन्मापासून ऐकतोयस. मी धावतेय असं तुला वाटलं, तेव्हा काहीतरी चुकतंय असं नाही वाटलं?"

नाही वाटलं, असं मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार.

तिने खोडरबर घेतलं आणि पहिल्या पानावरच्या सगळ्या रेघा पुसल्या. कागद झटकला, चष्मा सारखा केला आणि पुन्हा सुरुवात केली. दुसऱ्याच ओळीला अडखळली. मागे गेली, परत वाचली, परत तिथेच अडली. मुलगी म्हणते, मी आले. आई विचारते, कोण? मध्ये किती थांबायचं, एवढाच प्रश्न होता. ताईने तीन वेळा प्रयत्न केला आणि कागद माझ्यापुढे सरकवला.

"पूर्वी कळायचं," ती म्हणाली. "आता नाही कळत. तू सांग, इथे किती थांबू?"

मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. मनात तिच्या आवाजात म्हणून पाहिली, पण आवाज येईना. मला नाही सांगता येत, असं मी म्हणालो.

ताईने कागद परत घेतला, पेन्सिल उचलली आणि त्या दोन वाक्यांच्या मध्ये दोन रेघा ओढल्या.

"दोन ठेवते," ती म्हणाली. "लोकांना दोन चालतात." आणि ती पुढच्या ओळीवर रेघा मारू लागली.