पाच हात पाच मुठी

जुन्या खरेदीखतांतली मापं माणसाच्या अंगाची असतात. हात, वीत, मूठ, पाऊल. ज्यांची ती अंगं ते कधीच मातीत गेले. त्यांच्या हातांच्या आणि मुठींच्या साखळ्या करून द्यायचं काम मोजणी कचेरीत माझ्याकडे होतं. साखळी तेहतीस फुटांची, तिचा सोळावा भाग म्हणजे आणा. मी शिकले सातवीपर्यंत. बाकीचं सासऱ्यांकडून उचललं. त्यांनी याच कचेरीत उभा जन्म साखळी ओढली.

कचेरीच्या भिंतीवर काचेत लावलेला तक्ता माझ्या अक्षरातला. अकरा वर्षांपूर्वी सासऱ्यांनी सांगितला, मी लिहिला. "काठी म्हणजे पाच हात पाच मुठी," ते म्हणाले.

"मूठ किती धरू, बाबा?"

ते दाढी करत होते. आरशावरची नजर न काढता त्यांनी डावी मूठ पुढे केली. "ही घे. मोज."

मी पट्टी लावली. सहा इंच. हात दीड फुटाचा, तेव्हा काठी भरली बरोबर दहा फूट. इतका गोल आकडा बघून मला जुन्या माणसांचं कौतुकच वाटलं. त्या आठवड्यात खुंटी ठोकताना हातोडा बसल्यामुळे त्यांच्या डाव्या अंगठ्याला फळी बांधलेली होती आणि तो मिटत नव्हता. मला ते दिसत होतं. पण दिसणं आणि कळणं यांत कधीकधी अकरा वर्षं जातात.

या तक्त्यानेच शिलाईवाल्या मावशीची खोली शेजारच्या लाकडाच्या वखारीत नेऊन टाकली. वखारवाल्याच्या खतात लिहिलं होतं, विहिरीच्या दगडापासून बारा काठ्या. मी हिशोब केला: तीन साखळ्या दहा आणे. रेघ मावशीच्या मागच्या भिंतीतून शिरली आणि पुढच्या दारातून बाहेर पडली. खोली पाडायचा हुकूम निघाला, मंगळवार सकाळी दहाचा.

मावशी कपडे शिवायची, तेही वितीने मोजून. टेप गळ्यात असायचा, तो गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी. हुकूम आला तेव्हा मला म्हणाली, "मोजणीबाई, माझ्या वितीला तुझं पोट सुटलेलं कळतं. तुझ्या साखळीनं माझं घर कसं खाल्लं, ते मात्र मला कळत नाही."

"कागदात तसंच आहे, मावशी."

"असेल गं. कागदाला कुठं भाडं भरावं लागतं."

रविवारी दुपारी आमची कपडे वाळत घालायची काठी दोर तुटून खाली आली. ही सासऱ्यांची जुनी मोजणीची काठी. मी इतकी वर्षं तिच्यावर चादरी टाकत होते. दोर बांधेपर्यंत ती त्यांच्या पलंगावर आडवी ठेवली. दोन वर्षांपूर्वीच्या झटक्याने त्यांची वाचा गेली, पाय गेले. हात राहिले. सवयीनं त्यांनी काठीवर कोपर ठेवलं आणि काठी सरकवत हात मोजायला घेतला. एक, दोन, पाच. मग मुठीवर मूठ. एकही अंगठा वर नव्हता. सगळे आत, मिटलेले. पाचव्या मुठीला काठी संपली. गणित सुटलेल्या पोरासारखे ते माझ्याकडे बघायला लागले.

मी टेप आणला. मिटल्या अंगठ्याची मूठ चार इंचांची, काठी नऊ फूट दोन इंच. बारा काठ्यांचे एकशे वीस नव्हे, एकशे दहा फूट होत होते.

सोमवारी साहेबांच्या टेबलासमोर उभी राहिले. त्यांनी ऐकून घेतलं, मग उठून दार लावलं.

"या तक्त्यावर किती प्रकरणं गेली?"

"चारशे सतरा."

"आणि एका अंगठ्यापायी ती सगळी उकरायची?"

"मावशीचं तरी थांबवा, साहेब. उद्या दहाला माणसं येणार."

"बाई, झाकली मूठ सव्वा लाखाची. तुम्हाला नोकरीत कायम करायचा कागद इथंच आहे, माझ्या सहीला. घरी जा. म्हाताऱ्यांना जपा."

मूठ झाकलेली नव्हती म्हणूनच तर चूक झाली होती, पण हा विनोद सांगण्यासारखा तो माणूस नव्हता. मी घरी गेले. वाटेत मावशीचं दार लागलं. आत मशीन चालू होतं. सकाळी सांगू, असं म्हणून पुढे निघाले. सकाळ ही भित्र्या माणसांची फार लाडकी वेळ.

मंगळवारी अर्ज लिहिला, पुरावा म्हणून काठी खांद्यावर घेतली आणि नऊ वाजता पोचले. उन्हाच्या आत उरकायचं म्हणून माणसं सातलाच आली होती. मागची भिंत नव्हती, पुढचीही नव्हती. मावशी पत्र्याच्या ट्रंकेवर बसून मशीनवर फडकं बांधत होती.

"आता ही काठी कशाला आणलीस? छप्पर टेकवायला?"

मी सगळं सांगितलं. अंगठा, फळी, रविवार. मग सोमवारही सांगितला.

तिने फडक्याची गाठ पूर्ण केली. "चुकलं किती?"

"दहा फूट. साखळीत पाच आण्यांना थोडं कमी."

"माझी खोली नऊ फुटांची होती." ती मशीनचं चाक उगाच थोडं फिरवून थांबली. "काल तू गेलीस ते दिसलं मला खिडकीतून. हाक मारणार होते. म्हटलं, असेल घाईत."

उठून तिने ट्रंक उघडली, सासऱ्यांच्या उशीसाठी शिवलेला अभ्रा काढला, विटांची धूळ झटकली आणि माझ्या हातात दिला. "मापात बसतो का बघ."

अर्ज मी त्याच दिवशी दिला. त्याची पोच मिळाली. कायम झाल्याचा कागद मिळाला नाही. तक्ता अजून काचेत आहे. मावशी कुठल्या गल्लीत गेली, ते वखारवाल्यालाही ठाऊक नाही.

अभ्रा उशीला नेमका बसला. मागे एकदा मावशी बाबांना बघायला आली होती, तेव्हा बोलता बोलता उशीवरून दोनदा वीत फिरवून गेली होती, तेवढंच.