कोणाला आपत्ती आहे?

तेजराम बिसेनच्या फाटकात उभी राहून मी जे बोलले, ते अख्ख्या गल्लीनं ऐकलं. ऐकावं म्हणूनच मी आवाज चढवला होता. पासष्ट वर्षांच्या बाईनं असं बोलू नये, असं कुणाला वाटत असेल, तर त्यानं आधी आमच्या गल्लीतून संध्याकाळी सातला चालून दाखवावं.

आठ घरांची आमची गल्ली. एका बाजूला उघडी नाली, दुसऱ्या बाजूला भिंती. दिवाळीनंतर सहा वाजताच असा अंधार पडतो की डोळ्यांत बोट घातलं तरी दिसत नाही. शेजारच्या प्रेमलालची बायको संध्या मुलीला क्लासवरून आणायला निघाली आणि नालीत पडून मनगट मोडून बसली. प्रेमलाल बैहरच्या रस्त्यावर जीप चालवतो, आठच्या आत घरी येत नाही. त्यानं त्याच दिवशी सांगून टाकलं, "लाइट लागली तं क्लास. नाई लागली तं श्रुतिका घरी."

श्रुतिका नर्सिंगच्या परीक्षेची तयारी करते. हुशार पोरगी, माझ्या डोळ्यांसमोर वाढलेली. तिचं शिक्षण एका बल्बासाठी अडावं याचा मला इतका संताप आला की मी स्वतःच वॉर्डाच्या ऑफिसात चार चकरा मारल्या. शेवटी दोन खांब द्यायचं ठरलं. पण गल्ली अरुंद, खांब लोकांच्या भिंतींना लागून येणार, म्हणून प्रत्येक घराचा फॉर्म भरून मागितला.

रुख्माबाईच्या ओसरीत सगळे जमलो. तेजरामनं तिथंच फाटे फोडले.

"खांबा माह्या फाटकाजवळ येईन. गाडी कशी वळवू मी?"

"गाडी मोठी का लेकरू मोठं?" मी विचारलं.

तो फॉर्म घेऊन निघून गेला. माझ्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली.

बाकीचे फॉर्म मी तिथंच बसून भरून घेतले. आमच्या गल्लीतल्या बहुतेक बाया माझ्यासारख्याच तिरोडा-तुमसरकडून लग्न होऊन या हिंदी मुलखात आलेल्या. हिंदी बोलतात धडाधड, वाचताना मात्र अडखळतात. मॅट्रिक झालेली मी एकटी. मीच एकेकीला बोट ठेवून दाखवलं, कुठे खूण करायची ते.

पंधरा दिवसांनी खांब आले, ते मागच्या गल्लीत. लाइनमन राजूला मी रस्त्यातच धरलं.

"तुमच्या गल्लीतून मनाई आली ना, काकी," तो म्हणाला.

मला दुसरा कुणी सुचलाच नाही. तशीच तरातरा तेजरामच्या फाटकावर गेले.

"कराची होती ते केली ना मनाई? झाली ना गाडीले जागा?"

"मी नाई केली, काकी."

"मंग कोणं केली, भुतानं? तुह्या घरी लेक असती तं समजलं असतं तुले! देवानं नाई देली, बरंच केलं त्यानं."

त्याची बायको अंगणात वाळलेले कपडे काढत होती. अर्धे कपडे दोरीवर तसेच ठेवून ती आत गेली. तेजरामनं फाटक लावून घेतलं. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. रात्री झोपही छान लागली.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेले, तेजरामचा फॉर्म रद्द करा म्हणून भांडायला. तिथल्या वीरेंद्रबाबूनं आठही कागद टेबलावर मांडले.

"अम्मा, आपकी गली में आठ में से सात घरों को आपत्ति है."

"असणारच! म्हणून तं लाइट मांगतली!" मी कडाडले.

त्यानं छापील ओळीवर बोट ठेवलं. मग हळू आवाजात म्हणाला, "अम्मा, आपत्ति मतलब एतराज. मना करना."

कागदावर छापलं होतं: स्ट्रीट लाइट के संबंध में आपको कोई आपत्ति है? हाँ / नहीं. माझ्या मराठीत आपत्ती म्हणजे संकट. पूर, आग, दुष्काळ. चाळीस वर्षं मी बाजारात हिंदी बोलले, पण तिथे लोक एतराज म्हणतात, दिक्कत म्हणतात, आपत्ति कुणीच म्हणत नाही. अंधाराची आपत्ती आहे का, तर आहेच की! सात कागदांवर 'हाँ'. रुख्माबाईनं तर इतकी जोरात खूण केली होती की कागद फाटला होता. एकाच कागदावर 'नहीं' होतं. खाली सही, तेजराम बिसेन.

मी आधी त्या छापणाऱ्यावर चिडले, मग बाबूवर, मग अख्ख्या हिंदीवर. बाबूनं ऐकून घेतलं आणि आठ कोरे फॉर्म दिले. ऑफिसात आणखी दोन खांब शिल्लक होते. शनिवारपर्यंत आठही घरांचं 'नहीं' आणा, एक जरी 'हाँ' निघालं तर खांब दुसरीकडे जातील, असं त्यानं बजावलं.

सात घरांचं 'नहीं' तासाभरात झालं. आठवा फॉर्म घेऊन मी तेजरामच्या दारात गेले. जन्मात कुणाला म्हटलं नव्हतं ते म्हणाले, "चुकलं माहं, तेजराम."

त्यानं चष्मा लावला, फॉर्म सावकाश वाचला आणि माझ्याच पेनानं 'हाँ'वर खूण केली.

"तवा मले आपत्ती नोती, काकी. आता हाये."

"अरे, माह्यावरचा राग त्या पोरीवर काहून काढतं? तिचा क्लास बंद होईन!"

"मले लेक नाई ना," तो म्हणाला. "मले कसं समजीन?"

शनिवार गेला. मी प्रेमलालला म्हटलं, मी जात जाईन तिला आणायला. तो म्हणाला, "काकी, तुमचे गुडघे असे. तुमी पडल्या तं तुमाले कोण उचलीन?" सोमवारी त्यानं क्लास बंद केला.

त्या संध्याकाळी श्रुतिका माझ्याकडे आली. रडली नव्हती. दारातच उभी राहिली.

"आजी, फॉर्म भरे उस दिन मैं वहीं बैठी थी ना, ओसरीत. तुमी मले एकदा तं विचारायचं होतं. मैं तो हिंदी में ही पढ़ती हूँ."

मला भयंकर राग आला. आणि तो काढायला दुसरं कुणीच नव्हतं.