जुन्या पिनची वायर

अश्विननं तिसरी वायर कुलपाला टेकवली, उलटी करून पुन्हा टेकवली आणि वरच्या मजल्यावरच्या सौरवच्या हातात परत दिली. दाराच्या आत अश्विनचे वडील, वामनराव, पीपहोलला डोळा लावून उभे होते. तिथून सगळे शेजारी मोठ्या डोक्याचे आणि बारक्या पायांचे दिसत होते.

कुलूप नव्या तऱ्हेचं होतं. मुलाच्या आणि सुनेच्या मोबाइलवरून उघडायचं, आतून असो की बाहेरून. किल्लीचं भोक त्याला नव्हतंच. चोराची सोय कशाला करायची? ते बसलं वामनरावांमुळे. मागच्या वर्षी ते न सांगता एसटीनं उमरेडला गेले, जुन्या विणकर दोस्तांकडे, आणि साखर उतरून तिथंच चक्कर येऊन पडले. तेव्हापासून अश्विन आणि प्रणाली सकाळी नागपूरच्या दुसऱ्या टोकाला, मिहानला, कामावर गेले की संध्याकाळपर्यंत दार बंद. काळजी वाटते, असं अश्विन म्हणायचा, आणि ते खरंही होतं. त्याच्या आईला, प्रेमिलाबाईंना, कोणी विचारलं नव्हतं. त्या कुठं जातात?

आज मुलगा-सून घरी परतले तर कुलपाची बॅटरी मेलेली. आठवडाभर ते अधूनमधून चिवचिवत होतं. वामनरावांनी ते ऐकलं होतं, आणि पक्ष्यांच्या भानगडीत पडायचं नाही असं ठरवलं होतं.

अशा वेळी बाहेरून वायर लावून कुलपाला करंट पाजायची सोय होती, पण ती जुन्या पिनची. अश्विनच्या फोनची पिन नवी. प्रणालीच्या फोनची कंपनी वेगळीच, तिची पिन जगात दुसऱ्या कशातही जात नव्हती. सौरवनं पिशवीभर वायरी आणल्या, कॅमेऱ्याची, स्पीकरची, दाढीच्या मशीनची. प्रत्येकीचं तोंड निराळं. समोरच्या रंभाबाईंनी टीव्हीची जाडजूड वायर लावून पाहिली. ती लागली नाही, पण रंभाबाई थांबल्या. असं काही रोज घडत नाही.

वामनरावांना नवल वाटलं. उभा जन्म त्यांनी मागावर काढला होता. धागा तुटला की दोन टोकं चिमटीत धरायची, पीळ द्यायचा आणि पुढं जायचं. एका गिरणीचं सूत दुसऱ्या गिरणीच्या सुताला कधी नाही म्हणालं नव्हतं.

“बाबा,” अश्विनला एकदम आठवलं, “तुमचा बटनाचा फोन! त्याले हेच वायर लागते. दाराखालून सरकवा.”

वामनराव खोलीत गेले. वायर पलंगाशेजारी नेहमीच्या जागी लटकत होती. त्यांनी ती काढली, गुंडाळली, क्षणभर दाराच्या दिशेनं पाहिलं आणि उशीच्या अभ्र्यात सरकवली. प्रेमिलाबाई पलंगावर मेथी निवडत बसल्या होत्या. त्यांचे हात थांबले नाहीत.

“सापडून नाही राहिली गा,” वामनराव दाराशी येऊन म्हणाले.

“आई, तू पाय ना जरा.”

प्रेमिलाबाईंनी नवऱ्याकडं पाहिलं, उशीकडं पाहिलं आणि मेथीची दुसरी जुडी सोडली.

“मले तं नाही दिसत, बाप्पा.”

शेवटी सुतार आला. महागडं कुलूप रंभाबाईंचा चहा उकळायच्या आत निघालं. त्या जागी साधं लॅच बसलं. नवं कुलूप मागवतो, असं अश्विन म्हणाला, तेव्हा प्रणालीनं त्याच्याकडं असं पाहिलं की तो विषय तिथंच मिटला.

दुसऱ्या दिवशी दुपारी वामनराव लकडगंजला पोचले. तिथं लाकडाच्या टालावर त्यांचा दोस्त भैयाजी दिवसभर बाकड्यावर बसायचा.

“सुटला का गा?” भैयाजीनं विचारलं. “जमानतीवर, का कायमचा?”

वामनरावांनी चहा बशीत ओतला.

लवकरच त्यांचा फोन मेला. चार्ज केला असता तर लपवलेली वायर उघडी पडली असती, म्हणून तो मेलेलाच राहिला. एका दुपारी अश्विनचे फोन लागेनात. तो कामावरून निघाला, अर्धं नागपूर पालथं घालून टालावर आला. रागावला नाही. नुसतं स्कूटरचं मागचं सीट हातानं पुसलं आणि वडिलांना बसवलं.

संध्याकाळी त्यानं वडिलांच्या हातात नवा फोन ठेवला, स्वतःच्या फोनच्याच पिनचा.

“आता घरात एकच वायर,” तो म्हणाला. “प्रणालीची सोडून. अन् तुम्ही कुठं आहात, ते मले ऑफिसात बसून दिसते. फिरा बिनधास्त. फक्त गेटच्या बाहेर नोका जाऊ.”

वामनरावांनी एकदा गेटबाहेर पाय टाकून पाहिला. खिशात घंटी वाजली. ते परत आले.

त्यानंतरच्या दुपारी प्रेमिलाबाई घडीचं पातळ नेसून समोर आल्या. हातात जुना फोन होता, पूर्ण चार्ज झालेला. वायर त्यांनी पिठाच्या डब्यामागून काढून दाखवली आणि पुन्हा तिथंच ठेवली.

वामनराव बऱ्याच दिवसांनी हसले. नवा फोन त्यांनी पलंगावर निजवला आणि जुना घ्यायला हात पुढं केला. प्रेमिलाबाईंनी तो आपल्या पर्समध्ये टाकला.

“नव्याले घरीच राहू द्या,” त्या म्हणाल्या. “पण अश्विन फोन करीन. उचलाले कोणी तं पाहिजे. तुम्ही बसा.”

“अन् तू कुठं चालली वं?”

“पायतो.”

चप्पल सापडायला त्यांना वेळ लागला. ती रॅकच्या पार मागं गेली होती आणि तिच्यावर धूळ होती. ती त्यांनी पदरानं पुसली, पायात घातली आणि दार हळूच ओढून घेतलं.

लॅच आतून उघडत होतं. वामनराव फोनजवळ बसून राहिले.

फोन वाजला.

“बाबा, घरीच आहात ना?”

“हो गा,” वामनराव म्हणाले. “घरीच आहो.”

ते पुढच्या प्रश्नाची वाट पाहत थांबले. अश्विननं आईचं विचारलं नाही.